जाऊन बसणाऱ्या राऊतमावशी

राऊतमावशी कुणाशी तावातावाने भांडल्या असं मला एकदाही आठवत नाही. त्या जाऊन बसायच्या.

वॉर्ड ऑफिसात, रेशनिंगच्या साहेबांकडे, नगरसेवकाच्या कार्यालयात, कुठेही. हातात कापडी पिशवी, पिशवीत मोड आलेल्या वालांचा स्टीलचा डबा आणि एक रिकामं पातेलं. साहेबांनी "उद्या या" म्हटलं की मावशी समजल्यासारखी मान हलवायच्या, बाकावर मागे सरकून नीट बसायच्या आणि वाल सोलायला घ्यायच्या. भिजलेल्या वालांना एक उग्र वास असतो. बंद खोलीत तो लगेच पसरतो. सालं इकडेतिकडे पडू नयेत म्हणून त्या आधी वर्तमानपत्र अंथरत, त्यामुळे घाण करता म्हणून त्यांना कोणी उठवूही शकत नसे. साहेबांनी दोनचारदा मान वर करून पाहिलं की त्या म्हणत, "तुमचं चालू द्या. मला घाई नाही."

नाल्याकाठच्या झोपड्यांना पाण्याचा नळ मिळाला तो असाच. आम्ही त्या वेळी मावशींना नुसतं ओळखत होतो. नळ आला त्या दिवशी झोपड्यांतल्या बायकांनी त्यांना नारळ दिला, तर तो त्यांनी तिथेच नळावर फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटून वालांची पिशवी सावरत घरी आल्या.

आम्ही घाटकोपरला पूर्वेकडे, हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत राहत होतो. मावशी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. त्या मूळच्या अलिबागकडच्या. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. त्यांनी प्रसूतिगृहात आयाची नोकरी करून प्रकाशला, म्हणजे त्यांच्या मुलाला, वाढवलं. नोकरीत असल्यापासूनच त्या एका पक्षाचं काम करत होत्या. पक्षाचं नाव सांगत नाही, सांगून काही फरकही पडत नाही. सभा असली की बायका गोळा करणं, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना घरातून उठवून नेणं, ही कामं त्या मनापासून करत. पक्षाच्या कार्यालयात सगळे चपला बाहेर काढत, त्या मात्र घालून जात. "देऊळ नाही ते," म्हणायच्या.

आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या त्या मतं मागायलाच. ऐंशीनंतरची पहिलीच काही वर्षं असावीत. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागले होते आणि त्या दिवशी घरी होते. आईने दार अर्धवट उघडलं. तिला तशी सवयच होती, कारण आत सुधीर असायचा.

सुधीर माझा धाकटा भाऊ. तेव्हा विशीचा होता. अंगाने दांडगा, मिसरूड फुटलेली, पण समज चारपाच वर्षांच्या मुलाएवढीच राहिलेली. शाळेने त्याला लहानपणीच परत पाठवलं होतं. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवायचं, बाजारात जायचं तर बाहेरून कडी लावायची, असं आमचं चाललेलं होतं. कुणी दुष्ट नव्हतं आमच्या घरात. दुसरं काय करायचं ते कोणाला माहीत नव्हतं, एवढंच.

दाराच्या फटीतून मावशींना तो दिसला. हा कोण, म्हणून त्यांनी विचारलं. आई म्हणाली, आमचा धाकटा, त्याला बरं नसतं. मावशी आत आल्या, सुधीरच्या समोर जमिनीवर बसल्या आणि त्याला नाव विचारलं. सुधीरला नाव सांगायला वेळ लागायचा. ओठ जुळवायचा, थांबायचा, पुन्हा जुळवायचा. एरवी तेवढ्यात आई किंवा मी सांगून टाकत असू. आईने तोंड उघडलं तशी मावशींनी तिच्याकडे न बघताच हाताने तिला थांबवलं. बराच वेळ गेला. मग सुधीरने नाव सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मी शालिनी." आणि उठल्या. मतांचं बोलायचं राहूनच गेलं.

त्या प्रचारात घरोघर फिरताना सुधीरसारखी आणखी तीन मुलं त्यांना सापडली. दोन वसाहतीतली आणि एक नाल्याकाठची छाया, जी बोलतच नव्हती. सगळी अशीच दारामागे. मावशींनी ही गोष्ट आपल्या उमेदवाराच्या कानावर घातली. त्याला सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी प्रचाराच्या शेवटच्या सभेत, आमच्या मैदानातच, जाहीर करून टाकलं की निवडून आलो तर मैदानाच्या कोपऱ्यात या मुलांसाठी एक खोली बांधू, शिक्षिका आणू. टाळ्या पडल्या. आमचे अप्पा, म्हणजे वडील, सभेला कधी न जाणारे, त्या दिवशी गेले होते. घरी येऊन आईला म्हणाले, बघू या.

भाऊ निवडून आले. वर्ष सरलं आणि मैदानाच्या त्या कोपऱ्यात खरंच बांधकाम सुरू झालं. छप्पर पडलं, खिडक्या लागल्या, रंग लागला, आणि शेवटी पाटी लागली ती व्यायामशाळेची. वर भाऊंच्या वडिलांचं नाव.

मावशी विचारायला गेल्या तेव्हा आमच्या इमारतीतली एक बाई त्यांच्याबरोबर होती, तिच्याकडून आम्हाला कळलं ते असं. भाऊंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. तरुण पोरं मागे लागली होती म्हणाले, त्यांनाही काहीतरी द्यायला हवं. मावशींनी विचारलं, मग आमच्या मुलांचं काय? भाऊ हसले. रागाने नाही, घरातल्या माणसाला समजावताना हसतात तसे. म्हणाले, "मावशी, तुम्ही इतकी वर्षं पक्षात आहात. ही मुलं मत देतात का?"

मावशींनी चहा तसाच ठेवला. घरी आल्या आणि पुन्हा त्या कार्यालयाची पायरी चढल्या नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी त्या आमच्याकडे टीव्हीवरच्या बातम्यांना आल्या होत्या. एरवी बातम्यांवर त्यांची सतत बडबड चालायची, मंत्री भाषण करायला लागला की त्याच्याकडे पाठ करून बसायच्या आणि तरी सगळं ऐकायच्या. त्या दिवशी मंत्री बोलत असतानाही त्या टीव्हीकडेच तोंड करून बसल्या. जाता जाता आईला म्हणाल्या, "उद्यापासून सुधीरला खाली पाठव माझ्याकडे. जेवून पाठव."

अशी ती खोली सुरू झाली. एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात चार मुलं. मावशींना त्यातलं शिक्षण नव्हतं, आणि असल्याचा आव त्यांनी कधी आणला नाही. घरातली कामं त्या मुलांपुढे ठेवत. वाती वळणं, चादरींच्या घड्या घालणं, तांदूळ निवडणं, आणि अर्थात वाल सोलणं. पक्षाची जुनी कॅलेंडरं उलटी करून त्यांच्या कोऱ्या बाजूवर मुलं खडूने रेघा ओढत. सुधीर आधी वाल चिरडायचा. मावशी चिरडलेले वाल बाजूला ठेवून त्यांची आमटी करायच्या आणि ती त्यालाच खायला घालून सांगायच्या, ही तुझी आमटी. काही महिन्यांनी तो सबंध वाल सोलू लागला. आई ते पातेलं वर घेऊन आली आणि अप्पांच्या पुढे ठेवलं. अप्पा चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

इमारतीत कुरबुर सुरू झालीच. पुढे ती सोसायटीच्या सभेत आली. सभा गच्चीवर होती, मीही आईबरोबर गेले होते. चेअरमन म्हणाले, राहत्या जागेत असं काही चालवता येत नाही, आवाज होतो, जिन्यात लाळ पडते. हे सगळं ऐकून घेण्यासारखं होतं. पण मग ते म्हणाले की इमारतीत दोन सुना गरोदर आहेत, सकाळ-संध्याकाळ त्यांच्या दृष्टीला ही मुलं पडणं बरं नाही. माझी आई शेजारी बसली होती. तिने पदर घट्ट लपेटून घेतला.

मावशी जागेवरून उठल्या नाहीत. बसल्या बसल्याच म्हणाल्या, "चेअरमनसाहेब, तुमची दोन्ही मुलं आमच्या प्रसूतिगृहातली. पहिल्यांदा मी हातात घेतलंय त्यांना. तेव्हा मी बघितलं नव्हतं, कसं आहे ते. रडलं की घेतलं."

तेवढ्यात अप्पा उभे राहिले. माझे वडील खाजगी कंपनीत कारकून, सोसायटीच्या सभेत ते हजेरी लावायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. सबंध आयुष्यात त्यांना चारचौघांत उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "माझा मुलगा त्या खोलीत जातो. उद्याही जाणार आहे." आणि खाली बसले. चेअरमननी पुढचा विषय घेतला, गच्चीवरच्या टाकीचा. चेअरमनच्या घरी नात झाली तेव्हा बाळंतिणीला शेक द्यायला मावशीच गेल्या, हेही इथे सांगायला हवं.

पण मावशींची खरी ओळख मला पटली ती पुढे, एका बंदच्या दिवशी.

बंद कशासाठी होता ते आता आठवत नाही. सकाळपासून दुकानं बंद होती. दुपारी ढोल वाजवत एक मोर्चा आमच्या रस्त्यावरून गेला आणि सुधीरला ढोल फार आवडायचा. मावशी स्वयंपाकघरात छायाला भरवत होत्या. तेवढ्यात तो उठला आणि मोर्च्याबरोबर चालायला लागला. पुढे हमरस्त्यावर दगडफेक झाली, लाठीमार झाला, पळता न आलेल्यांना पोलिसांनी उचललं. पळता न आलेल्यांत सुधीर होता.

मावशींनी आधी सगळी वसाहत पालथी घातली. मग कुणीतरी सांगितलं, गाडीत घातलेल्यांत तो होता. मावशी, अप्पा आणि मी चौकीवर गेलो. मावशींकडे त्या दिवशी पिशवी नव्हती. चौकीच्या बाहेर भाऊंची माणसं उभी होती आणि त्यांची पोरं एकेक करून सुटून बाहेर येत होती. भाऊंचा फोन आला होता. सुधीरचं नाव त्या फोनवर कोणी घेतलेलं नव्हतं. अप्पांनी त्यातल्या एकाला ओळखलं आणि आमच्या मुलाचंही सांगा म्हणून विनवलं. तो म्हणाला, काका, आपल्या कार्यकर्त्यांचंच बघायला सांगितलंय.

आत इन्स्पेक्टर दमलेला होता. त्याच्याही कपाळाला पट्टी होती. म्हणाला, तो पोरगा नाव सांगत नाही, विचारलं की नुसता बघतो, वेड्याचं सोंग करतोय. मावशी म्हणाल्या, मला एकदा त्याच्यासमोर उभं करा आणि तुम्हीही या.

सुधीर कोपऱ्यात उकिडवा बसला होता. शर्ट फाटलेला, गालावर वळ. मला बघून तो उठला नाही. मावशी गजांपाशी जमिनीवर बसल्या आणि नेहमीच्या आवाजात त्याला नाव विचारलं. तो ओठ जुळवायला लागला. इन्स्पेक्टर काही बोलणार तसा मावशींनी हात वर केला. हवालदार, इन्स्पेक्टर, आम्ही, सगळे थांबलो. मग सुधीरने नाव सांगितलं आणि रडायला लागला.

इन्स्पेक्टरने कुलूप काढायला सांगितलं. मावशींना म्हणाला, बाई, हे आधी कोणी सांगायचं नाही का आम्हाला?

"त्याला सांगता येत नाही, म्हणून मी आले," मावशी म्हणाल्या. "ज्यांचं कोणीच येत नाही, त्यांचं काय करता हो तुम्ही?"

तो प्रश्न त्यांनी सहज विचारला होता असं मला वाटलं. पण त्या आतच बघत होत्या. सुधीरच्या मागे भिंतीला टेकून एक माणूस बसला होता, चाळिशीचा, हमालासारखे कपडे, डोक्यातून रक्त येऊन मानेवर सुकलेलं. डोळे मिटलेले. अप्पा सुधीरचा हात धरून दाराकडे निघाले होते. मावशी जागच्या हलल्या नाहीत. हा कोणाचा, त्यांनी विचारलं. हवालदार म्हणाला, माहीत नाही, गोवंडीकडचा असावा, कोणी आलेलं नाही.

"मग मी आले," मावशी म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

अप्पांनी त्यांना समजावलं, आपलं काम झालं, मुलगा घाबरलाय, घरी जाऊ. मावशी म्हणाल्या, तुम्ही न्या त्याला. पण सुधीर त्यांचा पदर सोडेना, तेव्हा आम्हीही बसलो. इन्स्पेक्टर दोनदा बाहेर येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने स्वतःच गाडी काढायला सांगितली आणि त्या माणसाला इस्पितळात पाठवलं. मावशी त्याच गाडीत चढल्या. प्रसूतिगृहातल्या ओळखीच्या एक सिस्टर त्या इस्पितळात होत्या, त्यांच्या हवाली त्याला करूनच त्या परतल्या. पुढे तो बरा झाला आणि बायकोला घेऊन मावशींना भेटायला आला. त्याच्या बायकोने आणलेले बोंबील मावशींनी आमच्याकडेही पाठवले होते.

त्यानंतरच्या निवडणुकीला मावशींनी एक वेगळंच काम काढलं. सुधीरचं नाव मतदारांत होतं. वयात आलेल्या सगळ्यांचं असतं तसं. आम्ही ते कधी मनावर घेतलं नव्हतं. मावशींनी घेतलं. बाटलीचं बूच शाईत बुडवून कॅलेंडरच्या मागे शिक्का कसा मारायचा, कागदाची घडी कशी घालायची, पेटीत कसा टाकायचा, हे त्यांनी त्याच्याकडून रोज करून घेतलं. कुठल्या चिन्हावर मारायचा ते मात्र शिकवलं नाही. अप्पांनी सुचवलं तेव्हा त्या चिडल्या. आईला म्हणाल्या, यांना सांग गं, गुप्त असतं ते.

केंद्रावरच्या अधिकाऱ्याने सुधीरकडे पाहिलं आणि विचारलं, याला कळतं का? मावशी म्हणाल्या, आत्ता पुढे गेले त्यांना विचारलंत का? रांगेत हशा पिकला, अधिकारीही हसला. सुधीर एकटा आत गेला, बराच वेळ लावला, आणि बाहेर आला तो शाईचं बोट वर धरूनच. ती शाई जाऊ नये म्हणून तो कितीतरी दिवस डाव्या हाताने अंघोळीचं पाणी घ्यायला तयार नव्हता.

निकाल लागला. भाऊ पुन्हा निवडून आले, आणि आधीपेक्षा मोठ्या फरकाने. व्यायामशाळेसमोर फटाके वाजले. मावशींचं दार दिवसभर लोटलेलं होतं. संध्याकाळी मी गेले तर त्या अंधारात बसल्या होत्या. मी दिवा लावला. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मी लोकांना घरातून काढून मतदानाला नेलं गं, सुनंदा. कोणाला निवडून दिलं मी?" मी चहा केला, तो त्या प्यायल्या. दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या वेळी दार उघडं होतं.

त्यानंतर त्या महापालिकेच्या शाळाखात्यात जाऊन बसायला लागल्या. तिथे बसणं फार लांबलं. साहेब बदलले, बाक बदलला. एका पावसाळ्यानंतर जवळच्या शाळेतला एक वर्ग दुपारच्या वेळेपुरता मुलांना मिळाला आणि एक शिकलेली तरुण शिक्षिका आली. मावशी पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसून बघत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, मला येत नव्हतं ते हिला येतं. एवढा आनंद त्यांच्या तोंडावर मी क्वचित पाहिला असेल.

सुधीर आज माझ्याकडे असतो. त्याचे केस पांढरे झालेत. घरातल्या चादरींच्या घड्या तोच घालतो, आणि पाहुणे आले की दार तोच उघडतो. नाव विचारलं तर सांगतो. वेळ लागतो, पण आमच्या घरात आता मध्येच कोणी बोलत नाही.

ऐंशीचं दशक संपता संपता प्रकाशला शहराच्या दुसऱ्या टोकाला, चारकोपला घर लागलं. सेक्टरमधलं, छोटंसं, पण स्वतःचं. मावशींना जावं लागणार होतं. निघायच्या आदल्या आठवड्यात त्या चारही मुलांच्या घरी गेल्या. आम्हाला वाटलं, निरोप घ्यायला आल्या. पण त्या आमच्याकडे सुधीरबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, छायाबद्दलच बोलल्या. तिची आई धुणीभांडी करायला जाते ती उशिरा येते, छायाला दुपारी भूक लागते पण ती मागत नाही, ताट पुढे ठेवलं तरी कोणी जवळ बसल्याशिवाय जेवत नाही. शाळेतून तिला तुम्ही इथे घरी आणायचं. आई म्हणाली, अहो, पण सुधीरचं? मावशी म्हणाल्या, सुधीरचं खालच्या मजल्यावरच्यांना सांगितलंय, त्यांच्या पोराचं आणखी एका घरी. आपल्या पोराचं कोणीही करतं.

टेम्पो आला त्या दिवशी सामान फारसं नव्हतंच. कपाट, पलंग, भांड्यांची पोती. मावशी ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि बसल्याबरोबर त्याला काहीतरी सांगायला लागल्या, बहुधा हळू चालव म्हणून. आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. सुधीर हात हलवत होता. टेम्पो वळणापर्यंत गेला आणि थांबला. मावशी खाली उतरल्या, पदर खोचत लगबगीने परत आल्या. आम्हाला वाटलं, काही राहिलं. त्या आईपाशी आल्या, धापा टाकत होत्या.

"आणि हे बघ," त्या म्हणाल्या, "तिला बिचारी म्हणायचं नाही कोणी."

मग वळून त्या तशाच चालत टेम्पोकडे गेल्या आणि पायरीवर पाय ठेवून वर चढल्या. टेम्पो दिसेनासा झाला तरी आई फाटकाशी उभी होती. शाळा सुटायची वेळ झाली तशी तिने पायांत चपला सरकवल्या आणि छायाला आणायला गेली.